खेकड्याच्या पोटाखालच्या दोन तारा

वालाला शेंगा धरल्या की माझ्या उजव्या हाताचा अंगठा दुखायला लागतो. डॉक्टर म्हणतात संधिवात. मी मान डोलावते, गोळ्या आणते आणि घरी येऊन अंगठ्याकडे बघत बसते. सदुसष्टाव्या वर्षी सांध्यांनी तक्रार करायचीच. पण बाकीचे अकरा महिने मुकाट्याने कांदे चिरणारा हा अंगठा नेमका याच दिवसांत का बोलतो, ते मला ठाऊक आहे, आणि ते डॉक्टरांना सांगण्यासारखं नाही.

या थंडीच्या सुरुवातीला पेणहून एसटीने जाताना गडबच्या रस्त्याला बायका वालाच्या शेंगांचे ढीग मांडून बसल्या होत्या. खिडकीतून तो हिरवा, किंचित कडसर वास आला. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात उरलेल्या ओलीवर हा वाल वाढतो, त्याला कुणी पाणी घालत नाही. थंडी पडली की मडक्यात शेंगा भरायच्या, वर-खाली भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालून भोवती आग करायची, की झाली पोपटी. सगळा रायगड जिल्हा या वासाने खुलतो. मी मात्र खिडकीची काच ओढून घेतली. शेजारची बाई म्हणाली, “थंडी वाजते का गो आजी?” मी म्हटलं, “व्हय.” म्हाताऱ्या माणसाला खोटं बोलणं फार सोपं असतं, कारणं सगळी वयातच मिळतात.

हे सगळं आता लिहायला निमित्त झालं एका अर्जाचं. आमच्या पेणच्या हायस्कुलात विज्ञानाला नवीन सर आलेत. मी त्याच शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. ते सर एका संध्याकाळी दारात उभे. हातात छापील कागद. मुलांचा रोबोटिक्सचा संघ करायचाय, यंत्र घेऊन स्पर्धेला जायचंय, रोह्याची एक कंपनी शाळांना मदत देते, तिचा हा अर्ज. तुमची भाषा चांगली असं सगळे म्हणतात, तेवढा भरून द्या. मी चष्मा लावला. संघाचं नाव, मुलांची संख्या, यंत्र काय करणार, मदत कशासाठी हवी, हे सगळं नेहमीचं. दहाव्या प्रश्नावर माझी बोटं थांबली. शाळेने यापूर्वी अशी मदत मागितली होती का? मागितली असल्यास आणि मिळाली नसल्यास कारण लिहा. खाली चार ओळींची जागा.

सर म्हणाले, “ते सोडून द्या हवं तर. मला तर काही माहिती नाही, जुनी गोष्ट असेल.”

जुनी म्हणजे सहाच वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते. अल्लड वय. निवृत्त होऊन तीनच वर्षं झालेली, अंगात दम, जिभेला धार, आणि आपल्यावाचून गावाचं काहीही पूर्ण होत नाही अशी खात्री. त्या बाईची आज आठवण आली की तिची वेणी ओढावीशी वाटते. तिला वेणी नव्हती, अंबाडा होता, आणि त्यात ती रोज एक फूल खोचून रिकामी गावभर फिरायची.

माझी नात सई तेव्हा नववीत होती. तिच्या वर्गातल्या पाच मुलांनी संघ केला होता. त्यात खरी कारागीर एकच, दर्शना. खाडीकडच्या गावातून एसटीने यायची. बाप मिठागरावर कामाला, शिवाय थोडी खारातली भातशेती. त्या बाजूला समुद्राचं पाणी शेताबाहेर ठेवायला मातीचे लांबच लांब बांध घातलेले असतात. खेकडे त्या बांधात बिळं करतात. बिळातून पाणी झिरपायला लागतं, आणि मग एखाद्या उधाणाला बांधाला खांड पडते, म्हणजे तो फुटतो. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं तिथे भात नाही. दर्शनाचा बाप रोज बांधावरून चालत, वाकून, हाताने माती दाबून ओल बघायचा. पोरीने ठरवलं, बापाचं वाकणं वाचवायचं.

तिचं यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शहारा आला होता. कौतुकाने नव्हे. रंगाच्या डब्याच्या झाकणांची चाकं, सायकलच्या ट्यूबने आवळलेली बॅटरी, तिच्या बापाने भंगारवाल्याकडून मिळवलेली एक मोटर, आणि पोटाखाली लोंबणाऱ्या दोन उघड्या तारा. त्या तारांची टोकं जमिनीला घासत जायची. माती कोरडी असेल तर काही नाही. ओली असेल तर एका टोकातून दुसऱ्यात वीज जायची आणि यंत्र थांबून शिट्टी वाजवायचं. दर्शनाने आमच्या अंगणात मला करून दाखवलं. तुळशीपाशी सांडलेल्या पाण्यावर ते आलं, थांबलं आणि असं किंचाळलं की मांजर छपरावर गेलं.

“चांगलं आहे,” मी म्हटलं, “पण तोंड बघ त्याचं.”

दर्शनाने यंत्राला उलटंपालटं करून बघितलं. “तोंड कुठंय बाई त्याला?”

“तेच म्हणते मी.”

माझ्या बोलण्यामागे माझं सासर होतं. आमचा गणपतीचा कारखाना आहे. शाळेच्या नोकरीबरोबर मी सुट्टीत तिथे आखणी करायची, म्हणजे मूर्तीचे डोळे. पेणमध्ये हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात मानाचं काम. माती कुणी मळो, साचा कुणी भरो, रंग कुणी देवो, गिऱ्हाईक बघतं ते डोळे. माझा हात असा बसलेला की पूजा सांगणारे गुरुजीही म्हणायचे, या डोळ्यांसमोर खोटं बोलवत नाही. या वाक्यावर मी चाळीस वर्षं मिरवले. पुढे काय झालं ते ऐकाल, मग तुम्हीच हसा.

अर्ज मी लिहिला. त्याची नक्कल अजून माझ्या कपाटात आहे आणि मी ती कुणाला दाखवत नाही. यंत्र कोणती अडचण सोडवतं, या प्रश्नाला पाच ओळींची जागा होती. मी तीन पानं पुरवणी जोडली. त्यात भरती होती, ओहोटी होती, चंद्र दोनदा उगवला होता, आणि आपल्या कृपाछत्राखाली या कळ्या उमलोत असा शेवट होता. कंपनीतून एका मॅडमचा फोन आला. त्या फार सभ्यपणे म्हणाल्या की पत्र सुंदर आहे, पण त्यात यंत्र सापडलं नाही. तुम्ही यंत्रच घेऊन रोह्याला या आणि चालवून दाखवा. सईने फोन स्पीकरवर ठेवला होता. पाचही मुलं तोंड दाबून हसली. मला राग आला. मी ठरवलं, आता असं यंत्र नेते की बघतच राहतील.

कागदाच्या लगद्याचं कवच केलं. हलकं, सुबक, खेकड्याच्या आकाराचं. आठ पाय आणि दोन नांग्या. यंत्र त्यात बसवलं आणि कडा चिकटवून बंद केल्या. दर्शना म्हणत होती पोटाकडची बाजू उघडी ठेवू, कधी काही बिघडलं तर हात घालता येईल. मी म्हटलं, उघड्या पोटाचं यंत्र घेऊन कुणी साहेबापुढे जातं का? शेवटी चाकं आणि बटणापुरत्या फटी आणि तारांपुरती दोन भोकं ठेवली. संध्याकाळी तिने कारखान्यातच चूळभर पाणी जमिनीवर टाकून तपासलं. शिट्टी वाजली. ती शेवटच्या एसटीने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रंगाला बसले. कारखान्यातला तो वास, ओल्या रंगाचा, खळीचा, कोपऱ्यात वाळणाऱ्या मातीचा. दारातून तिरपं ऊन. दूर कुणाकडे तरी आदल्या दिवसाच्या पोपटीची राख अजून धुमसत होती. मी गाणं गुणगुणत होते. साच्यातून मूर्ती निघाली की तिच्या जोडावर कंगोरे आणि टोकं राहतात. रंगाआधी ती कापून, घासून साफ करायची असतात. हे काम डोक्याला विचारून होत नाही, हात आपला आपण करतो. नांग्यांवरचे कंगोरे काढले. पाठीवरचे काढले. खेकडा उलटा केला, तर पोटाखाली दोन बारीक टोकं बाहेर आलेली. हाताशी नेलकटर होता. अंगठ्याने दाबला. कट्. आणखी एकदा, कट्. मग वरून पांढऱ्या अस्तराचा हात.

दुपारी मी त्याला डोळे आखले. काय डोळे होते ते. आहेत म्हणणार होते, पण नाही, होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोह्याला निघताना दर्शनाने मला म्हटलं, “बाई, एकदा ओल्या मातीवर चालवून बघूया?”

मी म्हटलं, “रंग ताजा आहे, चिखल लागेल.” आणि ती पुन्हा काही बोलायच्या आत, “आणि डोळे आखलेत आता.” आमच्याकडे डोळे आखल्यावर मूर्तीला कुणी उगाच हात लावत नाही, उघडणं-फोडणं तर लांबच. बाकीची चारही पोरं पेणचीच. ती गप्प झाली. दर्शना खाडीकडची, तरी तीही गप्प झाली.

नागोठण्याच्या पुलावरून एसटी गेली तेव्हा खाली अंबा नदी संथ होती. पोरं गाणी म्हणत होती. खेकडा दर्शनाच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला, फक्त डोळे बाहेर.

रोह्याला कंपनीच्या खोलीत त्यांनी एका मोठ्या ट्रेमध्ये माती पसरून ठेवली होती. अर्धी कोरडी, अर्धी ओली. त्या मॅडम होत्या, आणखी दोन साहेब होते. खेकडा ठेवला तसे तिघंही उठून जवळ आले. एकाने मोबाइल काढून फोटो घेतला. मी अंबाड्यातलं फूल ठीक केलं. सईने माहिती सांगितली, दर्शनाने बटण दाबलं.

खेकडा निघाला. कोरड्या मातीवरून गेला. ओल्या मातीवर आला. आणि तसाच पुढे गेला, मोठ्या आनंदाने, डोळे उघडे ठेवून, ट्रेच्या भिंतीला जाऊन धडकला आणि तिथेच चाकं फिरवत राहिला.

पुन्हा ठेवला. पुन्हा गेला. दर्शना खाली बसली, तिने मातीवर आणखी पाणी शिंपडलं. शिट्टी वाजली नाही. आणि त्या शांततेत मला माझ्या कानात स्पष्ट ऐकू आलं, कट्. कट्. मला सगळं कळलं. उशिरा नाही, नंतर विचार करून नाही, तिथल्या तिथे कळलं. हे नीट लिहून ठेवते, कारण पुढची सहा वर्षं मी मनाला उलटं सांगत आले.

बरोबर आलेल्या आमच्या तेव्हाच्या विज्ञानाच्या सरांनी हळू आवाजात विचारलं, “दर्शना, तपासलं नव्हतंस का?”

“तपासलं व्हतं सर. वाजलं व्हतं.”

सगळे तिच्याकडे बघत होते. तिचं तोंड ट्रेमधल्या मातीसारखं झालं होतं. मी, जिच्या जिभेला आख्खी शाळा घाबरायची ती मी, पुढे झाले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या साहेबांना म्हणाले, “जाऊ द्या. पोर आहे. राहिलं असेल एखाद वेळी.”

माझ्या चुकीबद्दल मी तिला क्षमा केली. सगळ्यांसमोर, मोठ्या मनाने. मॅडम माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा, किती समजूतदार आजी आहेत म्हणून.

मदत मिळाली नाही. तसं पत्र आलं, पुढील वाटचालीस शुभेच्छा देणारं. स्पर्धा गेली. पोरांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण डबा खाताना दर्शनाच्या बाजूची जागा मोकळी राहायला लागली, हे मला सईकडूनच कळलं. ती संघात यायची बंद झाली. एकदा मात्र घरी आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहून म्हणाली, “बाई, माझी मोटर आत हाय. बाबांनी आणलेली.”

मी म्हटलं, “डोळे आखलेत गो. कसा फोडणार?”

ती गेली. मी खेकडा माळ्यावर ठेवला, तोंड भिंतीकडे करून. डोळ्यांचं निमित्त खरं होतं, पण त्याच्या आड दुसरं होतं. फोडला असता तर मोटर निघाली असती आणि त्या मोटरीबरोबर कापलेल्या दोन तारा. आणि असं बघा, मूर्ती फोडत नाहीत हे पेणच्या माणसाला जितकं ठाऊक तितकंच हेही ठाऊक, की मूर्तीचं विसर्जन करतात. कागदाचा लगदा. बादलीभर पाण्यात तासाभरात विरघळला असता. तुम्हाला वाटेल, मला ते सुचलं नाही. सुचलं होतं.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात शाळेने माझा सत्कार केला. निवृत्तीनंतरही विद्यार्थ्यांसाठी झटल्याबद्दल. शाल आणि श्रीफळ. तो नारळ मी घरी फोडून त्याच्या वड्या केल्या आणि खाल्ल्या. सहा वर्षं झाली, तरी नारळाच्या वडीची चव पहिल्या घासाला मला खडूसारखी लागते. दुसऱ्या घासाला बरी लागते. मी काही संत नाही.

नव्या सरांचा अर्ज चार दिवस टेबलावर पडून होता. बाकीच्या नऊ प्रश्नांची उत्तरं मी जागेपुरतीच लिहिली, चंद्र कुठेही उगवला नाही. दहाव्याला चार ओळी लिहिल्या. मग खेकडा माळ्यावरून काढला, धूळ पुसली, पिशवीत घातला आणि दर्शनाच्या गावाकडची एसटी धरली.

ती आता डिप्लोमा करून नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत लागली आहे. त्या दिवशी तिची पहिली शिफ्ट होती, दुपारनंतर घरी होती. रस्त्याला मिठाचे पांढरे ढीग उन्हात चमकत होते. घरासमोर तिच्या भावजयीने पोपटी लावायला घेतली होती. मडकं उपडं घातलेलं, भोवती पेंढा रचलेला. दर्शनाने मला बघितलं, पिशवी बघितली. “या बाई. बसा.” तिच्या आईने पाणी आणलं आणि मी चोळत होते त्या अंगठ्याला काय झालं विचारलं.

मी सांगितलं, “मला एक बादली पाणी दे गो. मोठी.”

खेकडा पाण्यात ठेवला. आधी तरंगला. मग हळूहळू एका बाजूने जड होत खाली गेला. तिकडे पोपटीची आग पेटली, इकडे बादलीत रंग सुटायला लागला. शेंगा शिजायला आणि खेकडा विरघळायला साधारण सारखाच वेळ लागणार होता. तेवढ्यात मी अर्ज काढला आणि तिला दहावं उत्तर वाचून दाखवलं. “यंत्र उत्तम चालत होते. ते कु. दर्शना हिने बनवले होते. रंगकाम करताना माझ्याकडून नजरचुकीने त्याच्या दोन तारा कापल्या गेल्या. दोष तिचा नव्हता.”

ती बादलीकडे वळली. बाही वर करून बादलीत हात घातला आणि लगद्यातून मोटर बाहेर काढली. तिला लोंबत होत्या त्या तारा, टोकाला माझं पांढरं अस्तर तसंच.

“मला ठाव व्हतं बाई,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“येताना, एसटीत. मांडीवरच व्हता ना. खालून बोट फिरवलं.”

पेंढ्याच्या आगीचा चटका माझ्या तोंडाला लागत होता. मी सरकले नाही. “मग बोलली का नाहीस गो?”

“तुमी सांगाल म्हणून थांबले.” तिने मोटर ओढणीच्या टोकाने पुसली, ओटा पुसतात तशी, कामापुरती. “नागोठणं आलं, तुमी नाय सांगितलं. गडब आलं. पेणला उतरलो. म्हटलं, शाळेत सांगतील.”

सहा वर्षं. मी वालाच्या वासाला काच लावून घेत होते आणि ती थांबली होती.

मग तिने माझ्या हातातून कागद घेतला आणि स्वतः वाचला. ओल्या बोटाचा डाग तिसऱ्या ओळीवर पडला. “तारा नजरचुकीनं कापल्यात, ते खरं. पन गप बसलात ते नजरचुकीनं नाय. ते पन लिवा.”

तीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्या. इतकी नेमकी दुरुस्ती मला कधी करता आली नव्हती. चारच ओळी होत्या, म्हणून नजरचुकीचं वाक्य लहान केलं आणि खाली लिहिलं, “हे मला त्याच वेळी कळले होते व मी ते सांगितले नाही.” तिच्या आईने केळीच्या पानावर शेंगा वाढल्या. गरम, खारट, भांबुर्ड्याच्या वासाच्या. मी खाल्ल्या. बादलीच्या तळाशी लगदा बसला होता. डोळे कधी गेले ते कुणी बघितलंच नाही.

नव्या सरांनी दहावं उत्तर वाचलं आणि चष्मा काढून पुसला. “असं लिहिलं तर कंपनी काय म्हणेल, बाई?” मी म्हटलं, काय म्हणायचं ते म्हणू दे, खोडायचं नाही. अर्ज गेला आहे. उत्तर अजून नाही. पण मुलं थांबलेली नाहीत, कारण सुट्टीच्या वारी दर्शना येते. मी तिला बोलावलं नव्हतं, सरांनी बोलावलं. मोटर गंजलेली, चालत नाही. तरी तिने ती शाळेच्या खिडकीत ठेवली आहे.

गेल्या रविवारी मीही गेले. मुलं जमिनीवर गोल करून बसली होती, दर्शना एका तारेचं टोक सोलत होती. मला बघून म्हणाली, “बाई, सांगा यांना.” मी सांगितलं. सगळं, रोह्याच्या खोलीपर्यंत, पाठीवर ठेवलेल्या हातासकट. मुलं ऐकत राहिली. मग माझ्यासमोर बसलेल्या दोन वेण्यांवालीने विचारलं, “मग तुम्हाला काय शिक्षा झाली, आजी?”

“शाल आणि नारळ,” मी म्हटलं.

मुलं खो खो हसली. मीही हसले. दर्शनाने मान वर केली नाही. तारेचं टोक सोलून झालं, तेव्हा शेजारी पडलेली तार कापायची पकड तिने उचलली आणि माझा हात पोचणार नाही अशी पलीकडे ठेवली.